स्थळ अमेरिकेचं, पण व्हिसा कोणता?

‘मुलगा अमेरिकेत असतो’ एवढं कानावर आलं, की आपल्याकडे पुढचं विचारायचं राहूनच जातं. पगार विचारतात, घर स्वतःचं की भाड्याचं तेही विचारतात. पण आपली लेक कोणत्या व्हिसावर जाणार, हे किती आया विचारतात?

कंपनीने नोकरीसाठी नेलेल्या मुलाचा व्हिसा बहुधा एच-वन बी असतो. बायकोला मिळतो तो एच-फोर. त्यावर तिला तिथे राहता येतं, शिकता येतं, नोकरी मात्र करता येत नाही. तिकडे ज्याच्यावाचून पदोपदी अडतं, तो सोशल सिक्युरिटी नंबरही कामाच्या परवान्याशिवाय तिला मिळत नाही. नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झालं असेल, तर २०१५ च्या नियमाने बायकोला कामाचा परवाना मागता येतो. पण तोवर वाट बघायची.

शिवाय तिचं तिथलं राहणंच नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेलं. त्याची नोकरी गेली, तर फार तर साठ दिवसांत दुसरी सोय बघायची. घटस्फोट झाला, तर एच-फोरचा आधार संपला!

आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेली एक मुलगी एम.एस्सी. बी.एड. होती. ‘मारहाण नव्हती हो काकू,’ ती सांगत होती, ‘पण जरा काही बोललं, की तिकीट काढून देतो, जा माहेरी, असं म्हणायचे.’ दहा डॉलर हवे असले तरी हात पसरायचा. शिकलेल्या मुलीला हे किती लागत असेल!

सगळेच नवरे असे नसतात, पुष्कळ जोडपी तिथे सुखात आहेत. पण वेळ आलीच, तर वाटा माहीत हव्यात. छळ करणारा नवरा तिथला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर १९९४ च्या कायद्यामुळे पत्नीला त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो. छळ सोसणाऱ्या एच-फोरवरच्या पत्नीलाही कामाचा परवाना मागण्याची तरतूद आहे. न्यू जर्सीतली ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांच्या मदतीला उभी आहे. इकडे राष्ट्रीय महिला आयोगाकडे अनिवासी भारतीय नवऱ्यांविरुद्ध तक्रार करता येते.

तेव्हा मैत्रिणींनो, लग्न ठरवतानाच मुलाच्या व्हिसाची, कंपनीच्या पत्राची प्रत मागा. त्यात लाजायचं काय? लग्नाची नोंदणी करून दाखला घ्या. पासपोर्ट लेकीच्या स्वतःच्या ताब्यात राहू दे, आणि सगळ्या कागदांच्या झेरॉक्स माहेरी ठेवा. लोणचं, मेतकूट, भाजणी बॅगेत भरता भरता या कागदांचीही एक फाइल तिच्या हाती द्या. ती कधी उघडावी लागू नये, पण असलेली बरी.