गादी उसवल्यावर

जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडला कापसाचं कौतुक कुणाला सांगावं? दसरा झाला की शेतातून कापूस निघतो, जिनिंगमध्ये सरकी एकीकडे, रुई एकीकडे होते आणि गाठी बांधून माल बाहेर जातो. 1867 मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे सुरू झाली आणि इकडचा कापूस मुंबई बंदरापर्यंत सहज पोहोचू लागला. या व्यवहारात जुन्या कापसाला कुठलाच भाव नाही. तरी त्याचा एक जाणकार पिंजारी इथे आहे. गावातले सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

स्लॅबचं घर झालं की त्यात फोमची गादी येते आणि आजीच्या वेळची कापसाची गादी आधी माळ्यावर, मग उकिरड्यावर जाते. अशा गाद्या चाचांकडे येतात. काही लोक भरून घ्यायला आणतात, काही नुसत्याच आणून टाकतात.

उसवण्याचं काम अंगणात चालतं. काठाची शिवण कापली, खोळ ओढली की आतून कापूस निघतो तो ढेपांसारखा, पिवळा पडलेला, घामाने आणि ओलीने थिजलेला. त्यात केसांच्या पिना, बांगड्यांचे तुकडे, शर्टाची बटणं हेही सापडतं. मग ऊन. जळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि एरवी आपण ज्या उन्हाला शिव्या देतो, ते इथे फुकटचा कामगार असतं. ओल जाते, वास जातो, ढेकूणही जातात.

खरं काम त्यानंतरचं. चाचा एक पुंजका मुठीत घट्ट दाबतात आणि मूठ उघडतात. पुंजका फुगून वर आला तर तो एका ढिगात. तसाच चपटा राहिला, बोटांत चुरा झाला तर दुसऱ्या ढिगात. मी एक काळपट गोळा फेकायला निघालो, तर त्यांनी हात धरला. ‘‘राहू द्या दादा, याच्यात अजून दम आहे.’’

तो दम कुठून येतो, हे मला तिथेच कळलं. पूर्वी इकडे देशी कापूस मोठ्या प्रमाणावर पिकायचा. त्याचा धागा आखूड आणि जाडाभरडा, म्हणून तलम कापडासाठी गिरण्यांनी त्याला नाकं मुरडली. पण भरणीला तोच चांगला, कारण दबला तरी पुन्हा उठतो. 2002 मध्ये बीटी बियाणं आलं आणि पुढे बहुतेक शेतं मऊ, लांब धाग्याच्या संकरित वाणांनी भरली. म्हणजे आज शेतात सहसा न दिसणारा कापूस माळ्यावरच्या गाद्यांमध्ये पडून आहे, आणि आपण तो कचऱ्यात टाकतोय! चाचा थोडी नवी रुई मिसळतात, पण किती, ते जुना माल पाहून ठरवतात. वजनकाटा कोपऱ्यात असतो. त्याचा उपयोग मुख्यतः गिऱ्हाइकाची खात्री पटवायला.

पूर्वी पिंजताना धनुकलीच्या तातीवर लाकडी ठोका पडायचा आणि कापूस तुटून उडायचा. आता मोटर आहे, खिळ्यांचा रूळ आहे. ढेपा आत जातात आणि दुसऱ्या बाजूने पांढरा फेस बाहेर येतो. खोलीभर धूळ उडते. चाचा तोंडाला रुमाल बांधतात, पण कापसाच्या धुळीने जडणारा दमा रुमालाला भीत नाही. पिंजारी मंडळी स्वतःला मन्सुरीही म्हणवतात आणि आपलं नाव बगदादच्या मन्सूर अल हल्लाज या सुफी संताशी जोडतात. त्याला 922 मध्ये मृत्युदंड झाला होता. हजार वर्षांचा वारसा सांगणाऱ्या या धंद्यात चाचांची मुलं मात्र उतरलेली नाहीत.

भरणी पाहताना मी चकित झालो. खोळ उलटी करून अंथरतात, तिच्यावर कापसाचे थर रचतात, मग सगळंच एका टोकाकडून गुंडाळत नेतात आणि तोंडातून उलटवतात. कापूस आत, खोळ बाहेर! नंतर काठीने थोपटून गादी सपाट करतात आणि दाभणाने टाके घालतात. कंबरेखाली थर जाड, कारण भार तिथे पडतो. काठालाही थोडा जास्त, कारण घरोघरी माणसं गादीच्या काठावरच बसतात. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, आणि गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसेही देत नाही. मला यालाच कलाकुसर म्हणावंसं वाटतं, मग तिच्यावर नक्षी नसली तरी चालेल.

फोम एकदा बसला की बसला. त्याला पिंजता येत नाही, उसवून काही निघत नाही. कापसाची गादी मात्र पुन्हा पुन्हा भरता येते, फक्त ती भरणारा माणूस गावात हवा.

तेव्हा माळा आवरायला काढाल, तर जुनी गादी फेकण्याआधी दोन बोटं शिवण उसवा आणि आतला कापूस मुठीत दाबून पाहा. फुगून वर आला, तर गावातला पिंजारी शोधा.