पंचाहत्तर टक्क्यांची हवा

न्यू जर्सीत राहणारी मराठी कुटुंबं उन्हाळ्यात ओशन सिटीला किंवा वाइल्डवूडला समुद्रावर जातात, तेव्हा बोर्डवॉकवरच्या दुकानांपाशी मुलं हमखास थबकतात. तिथे तारेच्या पिंजऱ्यांत शंखात राहणारे खेकडे विकायला ठेवलेले असतात. शंख भडक रंगवलेले, आणि त्यातून जांभळट पंजा बाहेर काढून खेकडे जाळीवर चढत असतात. हट्ट होतो, पिंजऱ्यासकट खेकडा घरी येतो. दुकानदार हातात ठेवतो ती नेमकी या जीवाला न सोसणारी गोष्ट: चारी बाजूंनी उघडी, कोरडी हवा.

हा कॅरिबियन बेटांवरचा आणि दक्षिण फ्लोरिडातला हर्मिट क्रॅब, शास्त्रीय नाव कोएनोबिटा क्लिपिएटस. वाढ झालेला खेकडा आयुष्यभर जमिनीवर राहतो, झाडांवर चढतो, पाण्यात फार वेळ बुडवून ठेवला तर मरतो. आणि तरीही तो श्वास घेतो कल्ल्यांनी! समुद्र सोडला, पण समुद्रातलं श्वसन सोबत घेऊन आला. कल्ल्यांवर पाण्याचा अगदी पातळ थर असावा लागतो. हवेतला ऑक्सिजन आधी त्या थरात विरघळतो, मग रक्तात उतरतो. थर वाळला की श्वास अडतो. हे तासाभरात घडत नाही, आठवडेच्या आठवडे चालतं. खेकडा कमी हलतो, कमी खातो, शंखातून अर्धवट बाहेर पडून राहतो. घरच्यांना वाटतं, आळशी आहे. तो गुदमरत असतो.

शंखाच्या आत काय चाललंय ते तर आणखी नवलाचं. या खेकड्याचं पोट कवचाविना, मऊ आणि वळलेलं असतं. फॅरेली आणि ग्रीनअवे या संशोधकांनी २००५ साली जमिनीवरच्या हर्मिट क्रॅबच्या श्वसनेंद्रियांची बारकाईने पाहणी प्रसिद्ध केली. कल्ले आहेत, कल्ल्यांच्या पोकळीच्या भिंतीत रक्तवाहिन्यांचं जाळं आहे, आणि तिसरी सोय पोटाच्या पाठीकडच्या कातडीत आहे. ती कातडी अतिशय पातळ, दाट सुरकुत्यांची आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली, म्हणजे एक फुप्फुसच. शंखात दडलेलं, बाहेरून कधीही न दिसणारं.

हे ओलं राहावं म्हणून खेकडा शंखात थोडं पाणी बाळगतो. पंजाने थेंब उचलून तोंडाशी नेतो, त्यातलं काही पितो, काही आत साठवतो. पाणीही कसलंही चालत नाही. द विल्डे या संशोधकांनी क्युरासाओ या कोरड्या बेटावर या जातीचा अभ्यास करून १९७३ साली तिच्या पाण्याच्या हिशेबावर सविस्तर लिहिलं. खेकडा कधी गोडं पाणी घेतो, कधी खारं, आणि अंगातल्या क्षारांचा तोल त्यातून सांभाळतो. म्हणून टाकीत दोन भांडी लागतात: एकात क्लोरिन काढलेलं गोडं पाणी, दुसऱ्यात मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या समुद्री क्षारांचं पाणी, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ इथे उपयोगाचं नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशिअम, कॅल्शिअम आणि बरंच काही असतं. भांडी खेकडा पूर्ण बुडेल इतकी खोल हवीत, आणि चढून बाहेर यायला दगड किंवा जाळी हवी.

आता हवेकडे येऊ. पाळणारे ७५ ते ८५ टक्के आर्द्रता आणि २४ ते २९ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानतात. हे टक्के म्हणजे त्या तापमानाला हवेत जितकी वाफ मावू शकते, त्यातली प्रत्यक्षात किती आहे. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत जेमतेम ५ ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना १७ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या घरात जानेवारीत बाहेरची गोठलेली हवा येते, हीटर ती तापवतो, वाफ तेवढीच राहते आणि मावण्याची जागा चौपटीच्या आसपास होते. बाहेर शंभर टक्के दमट असलेली हवा आत येऊन पंचवीस-तीस टक्क्यांवर घसरते. आपले ओठ फुटतात. खेकड्याचे कल्ले वाळतात.

म्हणून पिंजरा नव्हे, काचेची टाकी आणि वर काचेचंच झाकण. जाळीचं झाकण असेल तर त्यातून सगळी वाफ निघून जाते. गरम पट्टी खाली लावायची नाही, ती मागच्या काचेला, वाळूच्या पातळीच्या वर. सकाळ-संध्याकाळ फवारणी करत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. आकडा अर्धा तास वर जातो आणि पुन्हा कोसळतो. ओलावा यायला हवा तो भांड्यांतल्या पाण्यातून, ओल्या शेवाळातून, आणि मुख्य म्हणजे वाळूतून.

आकडा खरा आहे का, हे कसं कळणार? स्वस्त आर्द्रतामापक सर्रास दहा टक्क्यांनी चुकतात. त्याची परीक्षा मीठ घेतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यावं, थोडेच थेंब पाणी घालून भिजवावं, विरघळू देऊ नये. ते आणि मापक एका घट्ट डब्यात चोवीस तास ठेवावं. डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते आणि तिथेच राहते. खोली थोडी गार असो की गरम, फरक जवळपास पडत नाही. मापक ७० दाखवत असेल तर तो पाचने कमी सांगतो, एवढं लक्षात ठेवायचं.

हे घडतं कारण सोडियम क्लोराइडचा स्फटिक ७५ टक्क्यांच्या वर हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळू लागतो, आणि त्याखाली पाणी हवेला परत देतो. आषाढात कोकणातल्या स्वयंपाकघरात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते याचमुळे. खडे मिठाला तर त्याहूनही लवकर, कारण त्यात थोडं मॅग्नेशिअम क्लोराइड असतं. मिठाला पाणी सुटण्याची रेघ आणि कॅरिबियन खेकड्याचा श्वास सुरळीत चालण्याची रेघ जवळजवळ एकच! दोन्हींचा एकमेकांशी कार्यकारणसंबंध नाही, पण ज्या हवेला आपण पावसाळाभर वैतागतो ती या जीवाला हवीहवीशी असते, हे कळल्यापासून ओल्या मिठाकडे मी वेगळ्या कुतूहलाने पाहते.

वाळूचं सांगायचं राहिलं, आणि सगळ्यात मोठं आश्चर्य तिथे आहे. पाच भाग बारीक वाळू, एक भाग कोकोपीट, कुंड्यांत घालतो तेच, पण खत न मिसळलेलं. मुठीत दाबली की मुटका टिकेल इतकी ओली. कणांच्या मधोमध पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होतात आणि पृष्ठताण कणांना एकत्र धरून ठेवतो. पाणी कमी झालं की पूल तुटतात, फार झालं की कणांमधली पोकळी भरून जाते आणि पूल उरतच नाहीत. दोन्हीकडे बीळ ढासळतं. आणि बीळ लागतंच, कारण खेकडा कात टाकायला जमिनीखाली जातो. म्हणून थर निदान पंधरा सेंटिमीटर, खेकडा मोठा असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट.

खाली जाण्याआधी तो भरपूर पाणी पिऊन अंगात साठवतो. त्या पाण्याच्या दाबाने जुनं कवच फाटतं, नवं मऊ अंग बाहेर येतं आणि फुगून मोठं होतं. मग जुनं कवच तो खातो, त्यातलं कॅल्शिअम परत मिळवायला. लहान खेकड्याला यासाठी काही आठवडे लागतात, मोठ्याला महिनेही. त्या काळात टाकी रिकामी दिसते, आणि काळजीपोटी उकरून पाहणारे बरेच असतात. उकरलं की बीळ कोसळतं, मऊ खेकडा चिरडला जातो, किंवा टाकीतले बाकीचे त्याला खातात. हे विकत घेतलेले खेकडे जवळपास सगळेच रानातून पकडलेले असतात, कारण अळ्यांना समुद्र लागतो आणि त्यांना घरात वाढवणं फार अवघड आहे. म्हणून नवा आणण्यापेक्षा कुणाला नकोसा झालेला सांभाळावा, असं माझं मत. आधीच घरात असेल तर वाळू वरवर कोरडी पडतेय का, मापक ७५ च्या खाली जातोय का, भांड्यांत पाणी आहे का, एवढंच बघत राहायचं. खाली गेलेला खेकडा योग्य वेळी स्वतःच वर येतो.