जुना संगणक भंगारात काढण्याआधी

१२ मे २०१७ रोजी इंग्लंडमधील अनेक सरकारी रुग्णालयांतले संगणक एकाएकी कुलूपबंद झाले आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रॅममुळे रुग्णांच्या सुमारे १९ हजार ठरलेल्या भेटी रद्द झाल्याचा अंदाज आहे. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी सुधारणा दोन महिने आधीच उपलब्ध होती. अनेक संगणकांवर ती बसवलीच नव्हती.

वय हा संगणकाचा आजार नव्हे. सुरक्षा-सुधारणा थांबणे हा खरा धोका. ‘विंडोज १०’च्या नियमित मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. ‘विंडोज ११’ला सुरक्षेची विशिष्ट चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे छोट्या दवाखान्यांतले चालते संगणकही भंगारात निघू शकतात. जुन्या सर्किट बोर्डांत शिसे असते. ते उघड्यावर तोडले-जाळले गेले, की हे शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक ठरते.

यावर उपाय म्हणजे हलकी ऑपरेटिंग सिस्टीम. लिनक्सवर आधारलेल्या ‘लुबुंटू’, ‘लिनक्स मिंट एक्सएफसीई’ किंवा ‘अँटीएक्स’ या प्रणाली मोफत मिळतात. सजावट आणि पडद्यामागची कामे कमी असल्याने त्यांना मेमरी कमी लागते, शिवाय सुरक्षा-सुधारणाही मिळत राहतात. मेमरी खरी खातो तो ब्राउझर. म्हणून इंटरनेट वापरायचे असेल तर किमान चार जीबी रॅम असावी. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्यास वेगातला फरक लगेच जाणवतो.

घाई मात्र नको. आधी रुग्णांच्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. मग नवी प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून प्रिंटर, वाय-फाय आणि मराठी टायपिंग तपासावे. युनिकोड मराठी सहज चालते. जुन्या फॉन्टमधल्या फायली मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. दवाखान्याचे किंवा बिलाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारे असेल, तर त्याची सोय आधी पाहावी.

एक्स-रे, सोनोग्राफी वा रक्ततपासणीच्या यंत्राला जोडलेल्या संगणकाला उत्पादकाच्या संमतीविना हात लावू नये. अशा संगणकाचे इंटरनेट शक्यतो तोडावे. नोंदणी, पत्रव्यवहार आणि शिक्षणासाठी मात्र जुनी यंत्रे अजून काही वर्षे सुरक्षितपणे वापरता येतील.