वाईट चित्रपटांची गोडी आणि तुटपुंज्या भांडवलाचा पडदा

रायपूर : सुमार चित्रपट पाहिल्यावर प्रेक्षक तिकिटाच्या पैशांसाठी हळहळतो. काही चित्रपट मात्र इतके वाईट असतात की ते पुन्हा पुन्हा, तेही आवडीने पाहिले जातात. कांती शाह दिग्दर्शित ‘गुंडा’ (१९९८) हे त्याचे हिंदीतील ठळक उदाहरण. मिथुन चक्रवर्ती, मुकेश ऋषी, शक्ती कपूर आणि मराठी रंगभूमीवरील मोहन जोशी असे कसलेले नट त्यात आहेत. यातील खलनायक यमके जुळवून स्वतःची ओळख करून देतात आणि हाणामारीत रिक्षांचा ताफा अवतरतो.

नव्वदच्या दशकात मिथुन यांनी उटीला मुक्काम हलवला होता. तेथे थोड्या दिवसांत, थोड्या पैशांत चित्रपट उरकला जाई आणि लहान शहरांतील एकपडदा चित्रपटगृहांत वसुली होई. वितरणाच्या नकाशावर रायपूर आणि विदर्भ आजही ‘सीपी बेरार’ या एकाच विभागात मोडतात. इतिहासजमा झालेला हा प्रांत चित्रपट व्यवसायाने तेवढा जपला आहे.

‘गुंडा’ला खरी कीर्ती मिळाली ती पुढे, इंटरनेटमुळे आणि अभियांत्रिकीच्या वसतिगृहांतून. हसू येते ते त्यातील गांभीर्यामुळे. अमेरिकी लेखिका सुझन सॉन्टॅग यांनी १९६४ मध्येच अशा अजाणतेपणी साधलेल्या विनोदाला मुद्दाम केलेल्या विनोदापेक्षा वरचे स्थान दिले होते. एड वुड यांचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ म्हणूनच टिकला. ‘शार्कनेडो’सारख्या ठरवून केलेल्या वेडेपणाला ती निरागसता नाही.

मात्र, ‘गुंडा’त स्त्रियांवरील अत्याचारांची दृश्येही आहेत, यमकांवर हसणारा प्रेक्षक तेथे अवघडतो, निदान अवघडायला हवा.

दुसरा धोका रायपूरला अधिक जवळचा. भांडवलाची चणचण आणि कसबाचा अभाव यांत गल्लत झाली की हसू चित्रपटावरून घसरून त्याच्या भाषेवर जाते. मनु नायक यांचा ‘कहि देबे संदेस’ (१९६५) हा पहिला छत्तीसगढी चित्रपट तुटपुंज्या साधनांवर उभा राहिला. आंतरजातीय प्रेमाचा विषय त्याने हाताळला, त्यासाठी मोहम्मद रफी गायले. सतीश जैन यांचा ‘मोर छइंहा भुइंया’ ऑक्टोबर २०००मध्ये, राज्यनिर्मितीला काही दिवस उरले असताना प्रदर्शित झाला. त्याला झालेली गर्दी थट्टेसाठी आलेली नव्हती. आपली बोली पडद्यावर ऐकायला ती आली होती.