नवे माग, जुने विणकर

कोणत्याही कचेरीत अथवा कारखान्यात नवी पद्धत आली आणि काम सुधारण्याऐवजी बिघडले, की वरिष्ठांच्या तोंडून एक ठरलेले वाक्य निघते : ‘माणसांना बदल नकोच असतो.’ हे वाक्य आम्हीही अनेकदा उच्चारले आहे. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यावर ते फार सोयीचे वाटते. परंतु आम्हां गुजरातवासी मराठी मंडळींच्या अगदी शेजारी, अहमदाबादेत, १९५३ साली या वाक्याची जी परीक्षा झाली तिची हकीकत वाचल्यापासून ते उच्चारताना आमची जीभ थोडी अडखळते.

साराभाई घराण्याच्या कॅलिको मिलमध्ये त्या सुमारास स्वयंचलित माग बसविण्यात आले होते. साध्या मागावर धोट्यातील कांडीचे सूत संपले, की विणकराला माग थांबवून नवी कांडी घालावी लागते. नवा माग हे काम स्वतःच करी. साहजिकच एका विणकराने अधिक माग सांभाळावेत, उत्पादन वाढावे आणि कापडही निर्दोष निघावे, अशी सर्वांची अपेक्षा होती. यंत्रे उत्तम होती, कामगार अनुभवी होते, कोणत्या कामास किती वेळ लागतो याची मोजदादही काटेकोरपणे झालेली होती. इतके असूनही नव्या मागांची कामगिरी जुन्यांपेक्षा सरस ठरेना.

गिरणीचे अध्यक्ष गौतम साराभाई यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांना पाचारण केले. राइस यांनी यंत्रांकडे पाहिलेच, पण त्याहून अधिक लक्ष माणसांच्या हालचालींकडे दिले. त्यांना जे दिसले ते आमच्या मते या साऱ्या हकिकतीचे मर्म आहे.

त्या खात्यात २२४ माग होते आणि त्यांवर तीसेक माणसे बारा प्रकारची कामे करीत होती. विणकराकडे २४ किंवा ३२ माग, मागाच्या बॅटरीत कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५०, जॉबरकडे ११२, आणि तेल घालणारा व झाडूवाला यांच्याकडे सगळेच्या सगळे! कागदावर हा हिशेब बिनचूक होता. परंतु त्याचा अर्थ असा, की एका विणकराच्या वाट्याला कांड्या भरणाऱ्याचा सुमारे पाच-अष्टमांश हिस्सा, तर जॉबरचा जेमतेम चौथा हिस्सा येई. सूत तुटले तर हाक कोणाला मारायची? ज्याला हाक मारावी तो दुसऱ्याच विणकराच्या मागाशी अडकलेला. कापडात दोष निघाला तर तो कोणाचा? सर्वांचा, म्हणजेच कोणाचाही नाही. माणसे आळशी नव्हती की नव्या यंत्रावर रुसलेलीही नव्हती. एकत्र घरात वाढलेल्या भावंडांना वेगवेगळ्या बिऱ्हाडांत अर्धी-अर्धी वाटून द्यावीत, तशी त्यांची अवस्था झाली होती.

राइस यांनी सुचविले, की मागांचे गट पाडावेत आणि एका गटाची सर्व कामे एकाच छोट्या तुकडीकडे द्यावीत. चौसष्ट माग आणि सात माणसे, असे ते गणित. आतले कामवाटप तुकडीने आपसांत ठरवावे. ही कल्पना व्यवस्थापक, निरीक्षक व कामगार यांच्यापुढे चर्चेसाठी ठेवण्यात आली. आणि कोणी हुकूम काढण्यापूर्वीच कामगारांनी ती उचलली. कोणी कोणाबरोबर काम करायचे याच्या याद्या त्यांनी परस्परसंमतीने स्वतःच तयार केल्या. बदल नको असलेली माणसे अशी वागतात काय?

यथावकाश घडी बसल्यावर मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली, आणि सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत उतरले. माग तेच होते, माणसेही तीच होती.

येथे कोणी म्हणेल, की दोन गोड शब्दांत विचारपूस केली की कामगार काहीही स्वीकारतो. तसे मात्र नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, कातणाऱ्याने यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशी नवी पद्धत काही मालकांनी आणली. त्यातून उसळलेला सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. कोकण-घाटावरून आलेल्या त्या गिरणकामगाराला तिसऱ्या मागाच्या मागे आपल्याच भावबंदाची गेलेली नोकरी दिसत होती. त्याची भीती अडाणीपणाची नव्हती. साधा हिशेब होता तो. पोटाच्या प्रश्नाला पोटाचेच उत्तर द्यावे लागते, सभा भरवून ते देता येत नाही.

अमेरिकेत व्हर्जिनियातील एका पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी केलेला प्रयोगही (त्यांचा लेख १९४८ चा) येथे आठवतो. ज्या गटाला बदल केवळ सांगितला गेला, तेथे उत्पादन घसरले ते वर आलेच नाही, काहींनी नोकरीही सोडली. जेथे सर्वांना आखणीत घेतले, ते गट लवकरच पूर्वीच्याही पुढे गेले. पुढे पहिल्या गटातील उरलेल्या कामगारांनाही दुसऱ्या एका कामावर नेताना आखणीत सामील करून घेतले, तेव्हा तेही झपाट्याने सावरले. दोष माणसांच्या स्वभावात असता, तर हे घडते ना.

अहमदाबादची कथा मात्र सर्वस्वी सुखान्त नाही. १९७० साली टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर पुन्हा पाहणीस आले. एका ठिकाणी तुकड्यांची पद्धत आणि कामगिरी जवळजवळ जशीच्या तशी टिकलेली त्यांना आढळली. अन्यत्र ती बरीच विसविशीत झाली होती. पुढे तर गिरणीच बंद पडली.

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी बसून, आठ रात्री जागून, शाळेचे नवे वेळापत्रक तयार केले आणि जूनमध्ये सूचनाफलकावर लावले. त्याचा आम्हांला अभिमान होता. दिवाळीपर्यंत वह्या तपासून वेळेवर येईनाशा झाल्या, आणि वीस वर्षे शाळा सुटल्यावरही मुलांना घेऊन बसणाऱ्या एक ज्येष्ठ बेन घंटेबरोबर पिशवी उचलू लागल्या. आम्ही तेच वाक्य उच्चारले. शेवटी त्यांनीच सांगितले, की मध्यान्ह भोजनाच्या वाढपावर देखरेख आणि लगतचा गणिताचा तास, दोन्ही आम्ही त्यांच्याच नावे मांडले होते. मुले हात धुऊन येईतो अर्धा तास संपे. “विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, साहेब,” त्या म्हणाल्या.

पुढल्या जूनमध्ये आम्ही शिक्षकांच्या खोलीत टेबलावर कोरा तक्ता आणि पेन्सिल ठेवली. दोन दिवस कोणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जाऊन पाहतो, तो तक्त्याभोवती चौघेजण कडाक्याने भांडत होते. आम्ही दार लोटून घेतले आणि परत आलो.