परदेशप्रवास व हुंडणावळीचा हिशेब

प्रवास हें शिक्षणाचें एक उत्तम साधन आहे, हें आपण सर्वजण जाणतों. पूर्वीं परदेशगमन थोड्या भाग्यवंतांच्याच वांट्यास येई. आज मध्यम स्थितींतील कुटुंबेंही दोन-चार वर्षें पैसे सांठवून सिंगापूर, बँकॉक किंवा दुबई पाहून येतात. तिकिटांची व उतरण्याच्या जागेची चौकशी तीं महिनोन्महिने करितात. परंतु ज्या पैशावर हा सारा डोलारा उभा राहावयाचा, तो पैसा परक्या नाण्यांत कोठें व कसा बदलून घ्यावा, याचा विचार बहुधा निघण्याच्या दिवशींच सुचतो.

हा अपराध प्रस्तुत लेखकाच्या हातूनही घडला आहे. २०१८ सालीं आम्ही सहकुटुंब सिंगापुरास निघालों, तेव्हां माझ्या मातोश्रींनीं आपल्या निवृत्तिवेतनांतून शिल्लक टाकलेले दहा हजार रुपये माझ्या हातांत ठेविले, आणि "मुलांना तिकडचें रात्रीचें प्राणिसंग्रहालय दाखीव," असें बजाविलें. हें प्राणिसंग्रहालय १९९४ सालीं उघडलें व तें अंधार पडल्यावरच पाहावयाचें असतें. मुलांनीं त्याचें वर्णन वाचलें होतें, व त्यांचे डोळे तिकडे लागले होते. कामाच्या गर्दींत पैसे बदलण्याचें राहून गेलें. अखेर मध्यरात्रीं, विमान सुटण्याच्या घाईंत, विमानतळावरील एका खिडकीशीं मीं सर्व रक्कम बदलून घेतली. पावती नीट वाचली ती विमानांत बसल्यावर! आदल्या आठवड्यांत शहरांतील एका पेढीवर पाहिलेला दर आठवला, हिशेब केला, तों चार हजारांहून अधिक रुपये विनाकारण गेल्याचें ध्यानांत आलें. पुढें परतीच्या सुमारास हात आंखडला, आणि जो बेत गळाला तो नेमका त्या प्राणिसंग्रहालयाचा. माझ्यासारखी चूक इतरांकडून होऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

एका नाण्याच्या बदल्यांत दुसरें नाणें घेण्याचा व्यवहार आपल्या लोकांना नवा नाहीं. पेशवाईंत आपल्या प्रांतांतच अनेक टांकसाळींचे रुपये चालत. अंकुशी, चांदवडी, सुरती, हाली सिक्का असे कितीतरी प्रकार होते. आणि प्रत्येकांतील चांदीचा कस व वजन निरनिराळें असल्यामुळें एक देऊन दुसरा घेतांना सराफ कांहीं रक्कम कापून घेई. तिला 'बट्टा' म्हणत. नाणें पारखण्याचें काम पोतदाराकडे असे. तो हुद्दा गेला, आडनांव मात्र राहिलें. 'नांवास बट्टा लागणें' हा वाक्प्रचार आपण नित्य योजतों. त्याचें मूळ याच व्यवहारांत आहे. दूरच्या गांवीं हुंडीनें पैसा पाठवितांना जो आकार पडे ती 'हुंडणावळ'. आणि पुढें देशोदेशींच्या चलनांच्या विनिमयालाही हाच शब्द लागूं झाला. सारांश, आजचा परकीय चलनाचा व्यापारी म्हणजे जुन्या सराफाचाच वारस होय. बट्टा तो आजही घेतो, पण तो पूर्वीसारखा उघड सांगत नाहीं, एवढाच फरक.

आतां हा दर ठरतो कसा, तें पाहूं. एके काळीं रुपयाचा भाव सरकार ठरवीत असे. सप्टेंबर १९४९ मध्यें रुपयाचें अवमूल्यन झालें, तेव्हां डॉलरचा भाव सुमारें ३.३१ रुपयांवरून ४.७६ रुपयांवर गेला. ६ जून १९६६ रोजीं तो ७.५० रुपये करण्यांत आला. मार्च १९९३ पासून मात्र हा भाव मुख्यत्वें बाजारांतील मागणी व पुरवठा यांवर ठरूं लागला. आज बँका आपसांत लक्षावधि डॉलरांची देवघेव करितात आणि त्यांतून प्रत्येक क्षणीं एक मधला दर निघत असतो. पूर्वीं रिझर्व्ह बँक रोज एक संदर्भदर प्रसिद्ध करीत असे. जुलै २०१८ पासून तें काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था करिते. हा दर सर्वांस पाहतां येतो. प्रवाशाला तो कोणी देणार नाहीं. पण घासाघीस करतांना हातांत एक मापपट्टी असावी, म्हणून तो आधीं पाहून ठेवावा.

पेढीवरील फलकावर प्रत्येक चलनापुढें दोन आंकडे असतात. एक पेढीचा खरेदीचा दर व दुसरा विक्रीचा. हे शब्द पेढीच्या बाजूनें वाचावयाचे असतात. आपण डॉलर घेतों तेव्हां पेढी ते विकते; म्हणून जातांना विक्रीचा दर आपला, व उरलेले डॉलर परत देतांना खरेदीचा. समजा, खरेदीचा दर ७८.५० रुपये व विक्रीचा ८१.५० रुपये आहे. मधला दर ८० धरला, तर पेढी दर डॉलरमागें दीड रुपया, म्हणजे शेंकडा दोनांहून किंचित् कमी, इतका बट्टा घेते. दोन आंकड्यांतील हें अंतर जितकें कमी, तितकी पेढी गिऱ्हाइकास अनुकूल. हा पहिला नियम होय.

'आम्ही दलाली घेत नाहीं' अशी मोठ्या अक्षरांतील पाटी अनेक ठिकाणीं दिसते. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें! दलाली दरांतच मिसळलेली असली, तर ती वेगळी घेण्याचें कारणच काय? एक उदाहरण घेऊं. यांतील आंकडे केवळ समजुतीसाठीं कल्पिले आहेत. पहिली पेढी डॉलर ८१.२० रुपयांस देते व दलाली घेत नाहीं. दुसरी ८०.६० रुपयांस देते, पण प्रत्येक व्यवहारास ३०० रुपये आकार घेते. विमानतळावरील तिसरी पेढी दलालीवांचून ८५ रुपयांस देते. एक हजार डॉलर घेणारास पहिलीकडे ८१,२०० रुपये, दुसरीकडे ८०,९०० रुपये व तिसरीकडे ८५,००० रुपये द्यावे लागतील. म्हणजे दुसरी पेढी स्वस्त ठरली. पण दोनशेंच डॉलर घ्यावयाचे असतील, तर पहिलीकडे १६,२४० व दुसरीकडे १६,४२० रुपये पडतात, आणि पहिलीच स्वस्त ठरते! तात्पर्य हें कीं, नुसता दर किंवा नुसती दलाली विचारूं नये. "मला अमुक इतके डॉलर हवे आहेत, सर्व आकार धरून माझ्या खिशांतून किती रुपये जातील?" असा एकच प्रश्न तीन-चार पेढ्यांवर विचारावा. मोठी रक्कम असल्यास थोडी सवलतही मागावी. संकोच बाळगण्याचें कारण नाहीं.

या व्यवहारावर वस्तु व सेवा करही असतो. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारांत रकमेचा शंभरावा हिस्सा, परंतु निदान २५० रुपये, हें सेवेचें मोल धरून त्यावर शेंकडा १८ कर पडतो. वरील ८१,२०० रुपयांवर तो सुमारें १४६ रुपये होईल. तेच डॉलर पांच वेळां दोनशें-दोनशें करून घेतले, तर दर खेपेस निदान ४५ रुपये, म्हणजे एकूण २२५ रुपये पडतील. बारीक खरेदी वारंवार केल्यानें अशी झळ लागते.

विमानतळावर दर इतका वाईट कां, असें कोणी विचारील. तेथील जागेचें भाडें जबर असतें, हें एक कारण. आणि तेथें येणारें गिऱ्हाईक अडलेलें असतें, हें त्याहून मोठें. शनिवारीं व रविवारींही कित्येक पेढ्या दर थोडा चढा ठेवितात. कारण मुख्य बाजार बंद असतो व सोमवारीं भाव काय निघेल याची जोखीम त्यांच्या शिरावर असते. म्हणून कामाच्या दिवशीं, निघण्याच्या आठवडाभर आधीं, शहरांतील पेढीवर जावें. नोटांपेक्षां प्रवासी कार्डावर चलन भरून घेतल्यास दर बहुधा बरा मिळतो. कारण नोटा दूरदेशाहून आणाव्या लागतात, त्यांचा विमा उतरावा लागतो, आणि तिजोरींत पडून राहिलेल्या नोटांना व्याज येत नाहीं.

कार्डाचेही गुणदोष आहेत. आपल्या नेहमींच्या बँकेचें कार्ड परदेशीं वापरल्यास अनेक बँका शेंकडा साडेतीनपर्यंत अधिभार व त्यावर कर लावितात. ऐंशी हजार रुपयांच्या खर्चावर हा बोजा ३,३०० रुपयांच्या घरांत जातो. कांहीं कार्डांवर हा अधिभार नसतो. तेव्हां निघण्यापूर्वीं आपल्या बँकेस स्पष्ट विचारावें. प्रवासी कार्डावर ज्या देशाचें चलन भरलें, त्याच देशांत तें वापरावें. डॉलर भरून युरोपांत खर्च केल्यास पुन्हां विनिमय होतो व पुन्हां बट्टा बसतो. उधारीच्या कार्डावर एटीएम यंत्रांतून रोकड तर काढूंच नये. त्यावर त्याच दिवसापासून व्याज चढूं लागतें. आणखी एक सापळा ध्यानांत ठेवावा. परदेशांतील दुकानदार किंवा एटीएम यंत्र आपणांस विचारतें, "रक्कम रुपयांत आकारूं कीं येथील चलनांत?" ओळखीचा रुपया पाहून मन तिकडे ओढतें. परंतु रुपये निवडले कीं दर ठरविण्याचा अधिकार त्या दुकानाच्या मध्यस्थाकडे जातो, व तो आपला चांगलाच नफा काढून घेतो. उत्तर नेहमीं एकच द्यावें: स्थानिक चलनांत.

सर्व देशांस एकच युक्ति लागू पडत नाहीं. पौंड, युरो, सिंगापूरचा डॉलर यांची आपल्याकडे मोठी उलाढाल असल्यामुळें तीं चलनें येथूनच नेणें बरें. थायलंडच्या बाटाचें तसें नाहीं. बँकॉकमध्यें चलन बदलणाऱ्या पेढ्यांत मोठी चुरस असते, व तेथें डॉलरला उत्तम भाव येतो. समजा, मधल्या दरानें डॉलर ८० रुपये व बाट २.४० रुपये आहे. येथील पेढी बाट २.५६ रुपयांस देते. त्याऐवजीं आपण ८०.८० रुपयांप्रमाणें ९०० डॉलर नेले व बँकॉकमध्यें दर डॉलरास ३३.१० बाट मिळाले, तर ७२,७२० रुपयांत २९,७९० बाट हातीं आले. तेवढेच बाट येथें घेतले असते, तर ७६,२६२ रुपये पडले असते. दोनदां बट्टा देऊनही साडेतीन हजार वांचले! मात्र शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा न्याव्या. लहान नोटांना तेथें कमी भाव मिळतो, व फाटक्या किंवा शाईनें लिहिलेल्या नोटा नाकारल्याही जातात. उतरल्याबरोबर लागणाऱ्या खर्चापुरते थोडे बाट येथून न्यावे, म्हणजे तेथील विमानतळावर अडण्याचा प्रसंग येत नाहीं.

चांगला दर मिळतो म्हणून कोणा अनोळखी इसमाकडून चलन घेण्याच्या मोहांत मात्र कोणीं पडूं नये. तो गुन्हा आहेच. शिवाय खोट्या नोटा गळ्यांत पडल्यास दाद मागावयास जागा राहत नाहीं. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली पेढीच गांठावी, पारपत्र, तिकीट व पॅन कार्ड बरोबर न्यावें, आणि पावती जपून ठेवावी. आजच्या नियमांप्रमाणें बहुतेक देशांसाठीं एका प्रवासास ३,००० डॉलरपर्यंतच रोख नोटा नेतां येतात. पेढीस रुपये रोख द्यावयाचे तर ते ५०,००० हून कमी असावे लागतात. परत आल्यावर उरलेलें चलन १८० दिवसांच्या आंत परत करावयाचें असतें. २,००० डॉलरपर्यंतची रक्कम पुढील प्रवासासाठीं ठेवितां येते. परकीं नाणीं मात्र पेढ्या सहसा परत घेत नाहींत. म्हणून तीं तेथेंच चहापाण्यांत किंवा गाडीभाड्यांत संपवावीं.

उद्यां भाव उतरेल या आशेनें थांबून राहणारेही पुष्कळ असतात. बाजाराचा कल भल्याभल्यांस कळत नाहीं. प्रवास दूर असेल तर रक्कम दोन-तीन भागांत घ्यावी, म्हणजे फारसा पश्चात्ताप होत नाहीं. दोन पेढ्यांच्या दरांतील फरक मात्र आजच डोळ्यांना दिसतो, आणि एका दिवसांतील चढउतारापेक्षां तो बहुधा मोठा असतो. जें आपल्या हातीं आहे तें आधीं साधावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं एक अभ्यास सांगतों. या सुट्टींत वडीलधाऱ्यांबरोबर एखाद्या पेढीवर जा, फलकावरील दोन्ही आंकडे उतरून घ्या, आणि बट्टा शेंकडा किती पडतो तें काढा. दुसऱ्या पेढीवर जाऊन पुन्हां काढा. वर्गांत त्रैराशिक व शेंकडेवारी शिकतांना "याचा उपयोग काय?" असें ज्यांना वाटतें, त्यांना उत्तर तेथें मिळेल. तुमच्या घरचीं माणसें परदेशीं निघतील तेव्हां हा हिशेब तुम्हींच करून द्यावा.

आम्ही सिंगापुराहून परतलों, तेव्हां मातोश्रींनीं दारांतच मुलांना जवळ घेऊन विचारलें, "रात्रीचीं जनावरें कशीं होतीं रे?" मुलें माझ्या तोंडाकडे पाहूं लागलीं. चार हजार रुपये मीं पुढें भरून काढले. पण त्या प्रश्नाला द्यावयाचें उत्तर मजपाशीं नव्हतें, आणि अद्यापि नाहीं.