पोटातले आम्ल छातीत गेले तर...

दिघोरीच्या एका म्हाताऱ्या बाईंना लकवा मारला. शुद्ध पुरती नव्हती, तरी घशाला कोरड पडली असेल म्हणून घरच्यांनी चमच्याने चहा पाजला. जीपमध्ये उताणे निजवून आणताना उलटी झाली आणि दोन तासांत धाप लागली. मुलाने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, पोटातलं पाणी छातीत गेलं कसं जी?"

अन्ननलिका आणि श्वासनलिका एकमेकींना लागूनच असतात. गिळताना श्वासनलिकेवर झाकण बसते, चुकून काही आत शिरले तर ठसका लागतो. बेशुद्धी, लकवा, फिट किंवा दारूचा अंमल असला की हे दोन्ही पहारेकरी झोपतात. जठरातले आम्ल फार तीव्र असते. जठराला त्यापासून वाचवणारे अस्तर आहे, फुफ्फुसाला नाही. न्यूयॉर्कचे डॉ. मेंडेलसन यांनी १९४६ साली भूल दिलेल्या बाळंतिणींतील असे ६६ प्रसंग नोंदवले आणि सशांवर प्रयोग करून इजा आम्लानेच होते हे दाखवले.

म्हणजे पहिल्या दिवशी फुफ्फुस भाजलेले असते, जंतू नंतर येतात. भाजलेल्या भागात पाणी झिरपते, जंतू गिळणाऱ्या पेशी दुबळ्या होतात. त्यातच दवाखान्यात चार दिवस पडून असलेल्या रुग्णाच्या तोंडात क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर असे जंतू वस्ती करतात. यातले बरेच नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत.

नातेवाईक मात्र पहिल्याच तासाला "भारी इंजेक्शन मारा" म्हणतात. आम्हा डॉक्टरांनाही नाही म्हणणे जड जाते. पण प्रतिजैविकाने भाजलेले बरे होत नाही, फक्त साधे जंतू मरतात आणि चिवट जंतूंना रान मोकळे मिळते. रुग्ण अत्यवस्थ असेल तर गोष्ट वेगळी. एरवी दोन दिवसांनंतरही ताप, धाप हटत नसेल तर बेडक्याची तपासणी करून औषध निवडावे. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या मनाने घेणे हाही उपाय नव्हे. आम्ल घटले की जठरातच जंतू वाढतात.

बेशुद्ध माणसाला कुशीवर निजवा, तोंडात थेंबही घालू नका. विष प्यायलेल्याला मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याची आपल्याकडची रीत तर घातकच. लकव्याच्या रुग्णाला बसवून, थोडे थोडे भरवावे, नंतर अर्धा तास बसूनच ठेवावे आणि रोज तोंड स्वच्छ करावे.

त्या बाईंना पाचव्या दिवशी पुन्हा ताप चढला. बेडक्यात क्लेब्सिएला निघाला, औषध बदलावे लागले. तीन आठवड्यांनी त्या घरी गेल्या. आता मुलगा पाठीशी दोन उशा लावल्याशिवाय त्यांना पेजही देत नाही.